ओलेत्याचं सोवळं

रजनी न्हाणीतून बाहेर आली ती ओल्या साडीनं. पदराच्या टोकातून पाणी गळत होतं. तशीच ती ओसरी ओलांडून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीपुढं बसून लाकडं सारू लागली. रमाबाई पाट्यावर पुरण वाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या श्रीपतरावांनी चष्मा वर केला, सुनेच्या पावलांचे ओले ठसे नीट पाहून घेतले आणि मुलाला हाक मारली. केशव बाहेर आला. बापलेक त्या ठशांकडं असे बघत उभे राहिले, जशी काही लक्ष्मीच पावलं उमटवत आत गेली होती.

त्यांना नवल वाटणं साहजिक होतं. लग्न होऊन आल्यापासून रजनीनं दर वर्षी वाळलेलं सोवळं नेसूनच स्वयंपाक केला होता. बी. ए. झालेली, आष्टीतल्याच शाळेत शिकवणारी मुलगी. धुतलेलं कापड कुणी शिवलं नाही आणि दांडीवरून काठीनं काढलं तर ते सोवळंच. ओलं नेसून सर्दी घेण्यात कसलं आलंय पुण्य, असं ती हसत पण ठाम सांगायची. रमाबाईंनी तिला कधी टोकलं नव्हतं. आणि आज कुणी न सांगता, न सुचवता ती ओलेती होऊन आली होती.

पडवळ चिरत बसलेल्या उषाबाईला तर भरून आलं. ही श्रीपतरावांच्या पुतण्याची बायको. दोन्ही घरांच्या महालक्ष्म्या याच घरी बसत, त्यामुळं ती दरसाल पहाटेच हाताखाली यायची. ओलेत्याचं सोवळं ती रमाबाईंकडूनच शिकली होती, आणि गुरूपेक्षा शिष्य कडक म्हणतात तशी दिवसातून कितीदा तरी न्हाणीत जाऊन अंगावर तांब्या ओतून घ्यायची.

"आता तिघी झालो, काकू," ती म्हणाली.

रमाबाईंनी पुरणाचा पुढचा गोळा पाट्यावर ओढला. वरवंटा पुन्हा फिरू लागला.

रमाबाईंचं सोवळं आष्टीत नावाजलेलं होतं. माघाचा गारठा असो, श्रावणातली झड असो, देवाचा स्वयंपाक करायचा तो ओल्या लुगड्यानं. आणि एकदा ओलं होऊन भागायचं नाही. मधेच उठून त्या अंगावर घागर ओतून घेत, परत येऊन कढईपुढं बसत. कुणाची सावली पडली, कुठं गळालेला केस दिसला, काहीतरी झालं असणार, असं लोक आपसूक धरून चालत. नवी सून घरात आली की आयाबाया तिला रमाबाईंच्या पाया पडायला आणत आणि जाता जाता सांगत, सोवळं बघायचं तर हे बघ. श्रीपतराव पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. स्वतःचं म्हणून मिरवायला त्यांच्यापाशी बायकोचं सोवळं होतं, आणि ते ते मनापासून मिरवत.

खरी गोष्ट एवढीच होती की रमाबाईंना लघवी धरवत नव्हती.

शेवटच्या बाळंतपणानंतर सुरुवात झाली. मूल अडलं होतं, सुईण दमली होती, मूल गेलं आणि रमाबाई वाचल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या आडाचं पाणी ओढायला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा फक्त शिंकेबरोबर व्हायचं. मग खोकल्याबरोबर, मग घागर उचलताना, आणि पुढं पुढं चुलीपासून मोरीपर्यंत जाईतो. पाळी गेल्यावर तर ताळच राहिला नाही. एका वर्षीच्या महालक्ष्म्यांत, नैवेद्याचं ताट वाढत असताना, त्यांना लुगड्याला ओल जाणवली. भोवती बायका उभ्या होत्या. त्या तडक न्हाणीत गेल्या, डोक्यावरून घागर ओतून घेतली आणि निथळत परत आल्या. ओल्या लुगड्यात ओल कुणाला दिसणार? बायकांनी हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची झाली आणि तेव्हापासून ती उघडायची सोय उरली नाही.

एका खोट्यापोटी दुसरं येतं. प्रवास नको म्हणून त्यांनी परान्न सोडलं. जालन्याला धाकट्या बहिणीकडं नातवाची मुंज होती, तीही चुकवली, एस.टी.त तीन तास बसायचं कसं? बहिणीनं रुसून बोलणं टाकलं. गावानं म्हटलं, बघा, सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा पाणी घेत नाहीत. मांड्या ओल्या कापडानं सोलून निघत, रात्री त्या खोबरेल लावून भिंतीकडं तोंड करून पडत. हे सगळं सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते एकच, दर वर्षी महालक्ष्म्यांपुढं ताट ठेवताना त्या मुखवट्यांकडं बघणं. विटाळलेल्या अंगानं आपण देवीला फसवतो आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ताट ठेवून त्या मनात म्हणत, आयांनो, तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलू नका.

आणि आता रजनी.

रमाबाई तिच्याकडं न बघता बघत राहिल्या. कढीच्या फोडणीत मिरच्या पडल्या, ठसका उठला. उषाबाई तोंडाला पदर लावून न्हाणीकडं पळाली. रजनीनं खोकायच्या आधी एक पाय दुसऱ्यावर आवळला, डाव्या हातानं चुलीजवळची मेढ, छताला आधार देणारा लाकडी खांब, घट्ट धरली आणि मग खोकली. खोकला सरला तरी पाय लगेच सुटा केला नाही. थोड्या वेळानं उठली, न्हाणीत गेली, पाणी ओतल्याचा आवाज आला आणि ती निथळत परत आली.

ती मेढ रमाबाईंच्या ओळखीची होती. त्यांच्याच हातानं ती त्या उंचीवर गुळगुळीत झाली होती.

मागच्या दिवाळीत रजनीला दुसरा मुलगा झाला होता. अंगानं थोराड, चिमटे लावून काढावा लागलेला. तेव्हापासून ती हळदीकुंकवाला जायची टाळत होती, शाळेत मुलींना पळायला शिकवायची ते सोडलं होतं, ते रमाबाईंना आता एकदम आठवलं. पोर लहान आहे म्हणून असेल, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं.

दुपारी पंगत बसली. श्रीपतरावांनी सवाष्णींसमोर, ब्राह्मणांसमोर, दारात पान खायला थांबलेल्या प्रत्येकासमोर तेच सांगितलं, की माझ्यामागं या घराचं सोवळं टिकणार, सुनेनं उचललं. रजनी वाढत होती. तिनं मान खाली घातली. पण त्याआधी तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते लाजणं नव्हतं. पकडले जाऊ असं वाटत असताना कुणी भलत्याच गोष्टीसाठी पाठ थोपटावी, आणि माणसानं सुटकेचा श्वास टाकावा, ते होतं. रमाबाईंनी हातातला घास परत पानात ठेवला. तीस वर्षांची पोर. हिला अजून सगळं आयुष्य ओलं काढायचं आहे.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी घरातले पुरुष बाहेर गेल्यावर रमाबाई परसात आल्या. रजनी लक्ष्म्यांच्या साड्यांच्या घड्या घालत होती. एक टोक रमाबाईंनी धरलं.

"रजनी, खोकला आला की मेढ कशाला धरतीस?"

रजनीच्या हातातलं टोक सुटलं. ती वाकून उचलू लागली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. चक्कर येते म्हणाली. मग म्हणाली, सवय लागलीय. मग उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"माझ्याच्यानं नैवेद्य बाटला का, आई?"

रमाबाईंनी ठरवून ठेवलं होतं की थोडक्यात सांगायचं, आडपडद्यानं सांगायचं. पण तो प्रश्न ऐकल्यावर आडपडदा ठेवणं त्यांना जमलं नाही. हाच प्रश्न विचारायला त्यांना इतक्या वर्षांत कुणी मिळालं नव्हतं.

"तुझ्याच्यानं बाटला आसंल, तर माझ्याच्यानं अकरा वर्षांपासून बाटून राह्यला," त्या म्हणाल्या. "मला काय सोवळ्याची हौस आल्ती व्हय?"

रजनी त्यांच्याकडं बघत राहिली. एकेक गोष्ट तिच्या मनात जागेवर बसत असावी: ती घागर, ते परान्न, मावशींकडची चुकवलेली मुंज. मग तिला हसू आलं, आणि ते आवरायला गेली तर रडू आलं, आणि दोन्हीची भीती वाटून तिनं पाय आवळले. ते बघून रमाबाईंनाही हसू आवरेना. मग दोघीही पाय आवळून, पेरूच्या झाडाला धरून हसत राहिल्या.

"आपली मोरी अन् मुतायची चोरी," रमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ही म्हण कुण्या बाईनंच काढली आसंल बघ."

रजनीचं म्हणणं, बायकांचं असंच असतं, याला इलाज नाही. तिच्या आईनंही तेच सांगितलं होतं. रमाबाईंचंही आजवर तेच म्हणणं होतं. स्वतःपुरतं त्यांना ते पटलं होतं. पण आता समोर रजनी उभी होती आणि तेच वाक्य तिच्या तोंडून ऐकताना त्यांना त्याचा राग आला.

"मी सोसलं ते सोसलं. तू काय म्हणून सोसायचं? जालन्याला बायकांची डॉक्टरीण हाये म्हणतात. जल्दी जाऊ."

घरात सांगितलं, गुडघे दाखवायचे आहेत. केशव बरोबर येतो म्हणाला, तर बाईमाणसाच्या गुडघ्याला तू कशाला, असं म्हणून त्याला गप्प केलं. परतूरपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा होता. दोघींनी जुन्या धोतराच्या घड्या घेतल्या होत्या आणि सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. खिडकीशी बसलेल्या रमाबाईंना बाहेर कापसाची हिरवी रानं दिसत होती. इतक्या वर्षांत ती पाहिली नव्हती, एवढं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला सरळ. पेशंट कोण, असं त्यांनी विचारलं. रजनीनं सासूकडं पाहिलं, सासूनं सुनेकडं. तपासायचं तर रजनीला, मी आपली सोबतीला, असं येताना ठरलं होतं.

"दोघी," रमाबाई म्हणाल्या.

बाईंनी दोघींना एकेक करून पडद्याआड नेलं. रमाबाईंच्या सोललेल्या मांड्या बघून त्यांनी दिवा जवळ ओढला. मग हे कशानं झालं म्हणून विचारलं. रमाबाईंनी सोवळ्याचं सांगितलं. बाईंनी तेवढ्यावरून काय ओळखायचं ते ओळखलं असावं. त्यांनी नर्सला मलम आणायला पाठवलं.

मग टेबलाशी बसवून त्यांनी समजावलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी मांसाची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय सगळं तिच्यावर तोललेलं. बाळंतपणात ती ताणते, वय होतं तशी आणखी सैलावते. हा विटाळ नाही की पाप नाही, झोळी सैल झाली आहे एवढंच. रजनीला व्यायाम पुरेल. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे असतील तर जे आवळाल ते आत वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. दिवसातून चार-पाच वेळा, नेमानं. फरक पडायला तीन-चार महिने लागतात, आणि बायका तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, म्हणाल्या. रमाबाईंचं अंग उतरलं होतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकलं होतं. त्यांना व्यायामाबरोबर आत रबराचं कडं बसवावं लागेल. ते ठरल्या वेळी येऊन काढून धुऊन घ्यायचं. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन आहे, पण त्याची घाई नाही. पाणी पिणं तोडू नका, चहा कमी करा, पोट साफ ठेवा, भरली घागर उचलू नका.

"आणि ओलं नेसायचं बंद. आजपासून."

रमाबाई टेबलाच्या कडेकडं बघत राहिल्या. बाकी सगळं त्यांनी मान हलवून ऐकलं होतं. ओलं बंद म्हणजे काय, ते या बाईला कुठून कळणार? म्हणजे आष्टीतली त्यांची सगळी पत एका दिवसात उतरणार. ओसरीवर बसलेले श्रीपतराव काय मिरवतील? आणि ओलं नाही म्हणजे कडं दगा देईल त्या दिवशी लपायला जागा नाही.

"कडं आत ठेवून सोवळं चालंल का?" त्यांनी विचारलं.

"कवळी घालून चालतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

श्रीपतरावांची कवळी महालक्ष्म्यांच्या पंगतीत त्यांच्या तोंडातच असायची. कडं त्यांनी त्याच दिवशी बसवून घेतलं. परतताना त्या रजनीला म्हणाल्या, वाटेतच आहे तर बहिणीकडं जाऊ. बहिणीनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. रमाबाईंनी पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायल्या.

व्यायामाचं रमाबाईंना एकच कोडं पडलं. आकडे मोजताना त्यांचं मन भरकटायचं. रामनामाचा एक जप होईतो धरलं तर बरोबर जमायचं. पण देवाचं नाव असल्या कामाला घ्यावं का? दोन दिवस त्यांनी आकडेच मोजले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचार केला, घर बांधताना, नांगर धरताना माणूस देवाचं नाव घेतंच की, हीही डागडुजीच. जपमाळ घेऊन त्या देवघरापुढं बसू लागल्या, आणि शाळेतून आली की रजनी शेजारी येऊन बसू लागली. सासूसुनेची भक्ती वाढली, असं श्रीपतराव ज्याला त्याला सांगत. रजनी कंटाळली की रमाबाई तिला माळेनं डिवचत. फाल्गुनात एकदा फोडणीचा ठसका लागला, रजनी मनसोक्त खोकली आणि खोकून झाल्यावर तिला कळलं की तिचे दोन्ही हात पोळपाटावरच होते. ती सासूकडं वळून काही बोलणार तोच केशव पाणी मागत आत आला. तिनं त्याला पाणी दिलं, नको होता तरी लाडूही दिला.

रमाबाई तितक्या सुटल्या नाहीत. कडं दोनदा काढून बदलावं लागलं, अधूनमधून थोडं व्हायचंच. पण मांड्यांची साल भरून आली आणि रात्री त्या सरळ झोपू लागल्या.

पुन्हा महालक्ष्म्या आल्या. आवाहनाच्या रात्री त्यांनी सुती लुगडी धुऊन दांडीवर उंच वाळत घातली. जेवणाच्या दिवशी न्हाऊन त्या वाळलं सोवळं नेसून ओसरीवरून गेल्या, आणि मागोमाग रजनीही तशीच. श्रीपतरावांनी फरशीकडं पाहिलं. ठसे नव्हते.

"यंदा ओलेतं न्हाई?"

"न्हाई. वय झालं."

"अन् रजनीचं?"

रमाबाई पदर खोचत आत गेल्या. श्रीपतरावांची सुपारी त्या दिवशी जाडीभरडी कातरली गेली. पण थोड्या वेळानं कुणी शेजारी आला तेव्हा ते त्याला सांगत होते की आमच्याकडं वाळल्याचं असलं तरी फार कडक असतं. रमाबाईंनी ते आतून ऐकलं. म्हाताऱ्याची त्यांना माया आली.

उषाबाई आली ती निथळत. दोघींची कोरडी सोवळी बघून ती उंबऱ्यातच थबकली. आत आली, पडवळ घेतला, पण नेहमीसारखं बोलेना. वाईट तिला मनापासून वाटलं होतं, ते दिसत होतं. मधेच उठून न्हाणीत गेली, तांब्या ओतून आली. पुन्हा थोड्या वेळानं गेली. शेवटी तिच्यानं राहवेना.

"तुम्ही सोडलं म्हणून मी काही सोडणार न्हाई, काकू. तुमच्याकडूनच शिकले मी. मरेपर्यंत ओलंच नेसंन."

रमाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं ही त्यांना आपली शिष्या वाटत आली होती, आणि कधीकधी तिच्यासमोर आपल्या लबाडीची लाजही. हिला पाच लेकरं. दर बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी कापूस वेचायला उभी. कुणाच्या गावाला नाही, कुणाच्या लग्नाला नाही. परान्न घेत नाही म्हणते. कढीची कढई तापली होती. रजनीनं मिरच्या टाकायला हात उचलला आणि उषाबाई, ठसका उठायच्या आधीच, तोंडाला पदर लावून न्हाणीकडं निघाली.

"रजनी, थांब," रमाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उषा, इकडं बस. मिरच्या पडायच्या आधीच कशाला पळतीस?"

उषाबाई पाठमोरीच उभी राहिली. तिच्या पदरातून जमिनीवर थेंब पडत होते. तिनं वळून आधी रमाबाईंकडं पाहिलं, मग रजनीकडं, आणि मग दोघींच्या वाळलेल्या लुगड्यांकडं. रजनीनं कढई उतरवली आणि उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

बाहेरून श्रीपतरावांनी हाक दिली. सवाष्णी आल्या होत्या, नैवेद्याची वेळ होऊन गेली होती, आणि या घरात महालक्ष्म्यांना आजवर कधी ताटकळावं लागलं नव्हतं.

"थांबतील," रमाबाई आतून म्हणाल्या. "त्या बी बायकाच हायेत."

मग त्यांनी उषाबाईसाठी आपल्या शेजारी पाट मांडला.